कोरडे तांदूळ

वरूडजवळच्या त्या संत्र्याच्या बागेत सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. आंबिया बहराची, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची, फळं गळत होती, आणि फवारणीचं कोणाला विचारायचं सोडून माणिकबाईंनी देवमनबाबाला बोलावलं होतं. बाबा आले फटफटीवर, बोलत होते मात्र थेट देवाशी.

"बहरावर करणी हाये. घरातलीच बाई म्हणाली, जळू दे हे बाग."

माणिकबाईंची सून मंजुषा घाबरली. सासूशी भांडण झालं तेव्हा रागाच्या भरात ती तसं बोलली होती खरी, पण फक्त नवऱ्याजवळ, जीवनजवळ. मग बाबाला कसं कळलं?

बाबांनी घरच्यांना चिमूट चिमूट कोरडे तांदूळ चावायला दिले. "ज्याच्या मनात पाप, त्याचे कोरडे निंगतीन."

सासूचे ओले निघाले, जीवनचेही ओले. मंजुषाच्या तोंडातून नुसती भुकटी पडली. जीवन तिच्यापासून मागे सरला.

"इले आत्ताच माहेरी धाडतो," म्हणत माणिकबाईंनी तिची पिशवी भरून बागेतल्या घराच्या दारात ठेवलीसुद्धा.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर पौर्णिमा गर्दीतून पुढे आल्या. "बाबा, तुमीबी चावा न. मी पोलिसाईले फोन केला हाये, ते येईपर्यंत होऊन जाईन."

बाबांची नजर फाटकाकडे गेली. भक्त बघत होते, नाही म्हणायची सोय नव्हती. बराच वेळ चावून ते थुंकले, तर भुकटीच.

"फोन मी केलाच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "माणूस भ्याला का छाती धडधडते, हात गार पडतात, तोंडातली लाळ आटते. पापी माणसाचं तसं होते अन् निर्दोष माणसाचंही. यानं आंधी इले भेववलं, मंग तांदूळ देल्ले."

"मंग ते बागेचं बोलणं कसं समजलं त्याले?" कोणीतरी विचारलं.

बाबांनी जीव वाचवायला बोट दाखवलं. "जीवननंच सांगतलं मले."

जीवन खाली मान घालून मंजुषाला म्हणाला, "माय म्हणे, बाबाले सारं सांग. चाल घरात."

मंजुषानं दारातली पिशवी स्वतःच उचलली. रडू येत होतं, तरी ती गर्दीकडे वळली. "उद्या कोणी तांदूळ देल्ले तं आंधी विचारा, भेव कोणं घातलं. फळं काहून गळतात, ते कृषी अधिकाऱ्याले विचारा."

मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "माहं तोंड सुकलं, तवा तुमचे तांदूळ ओले होते. माह्यासाठी तुमाले जराही भेव नाही वाटलं?"