जिन्यावरची बाई

सराईतलं भूत दुपारी चार वाजता निघतं, हे आम्हाला तिथे पोचल्यावर कळलं. "रात्री पाहुणे दमून घोरत पडतात हो," मालक म्हणाला, "मग तिने तरी कुणासाठी जागायचं?"

माझा नवरा खो खो हसला. या सहलीसाठी तो किती दिवस माझं डोकं खात होता. गावाइतकीच जुनी सराई, आणि मूल गमावलेली एक बाई तिथला जिना अजून चढते म्हणे. बाळ आठ महिन्यांचं आहे, एवढंच मी म्हटलं होतं. त्यावर तो म्हणाला, "भूत काय वयाचा दाखला मागतंय?"

खोली वरच्या मजल्यावर होती. मला आधी दिसली ती पलंग आणि भिंत यांच्यातली फट. पलंग लोखंडी, ढकलून हलेना. मी फटीत घोंगडी गुंडाळून कोंबली, वर उशी लावली. आमच्याबरोबर आलेली नणंद दारात उभी राहून बघत होती.

"वहिनी, किल्ला बांधताय का? तोफा राहिल्या बघा."

लेक झोपल्यावर मी बेबी मॉनिटर सुरू करून तिच्या उशाशी ठेवला. दुसरा तुकडा, ज्यातून तिचा आवाज येतो, तो नेहमी माझ्याजवळ असतो. नवरा त्याला पोलीस ठाणं म्हणतो. त्या दिवशी मात्र त्याने तो आपणहून मागून घेतला. "आण इकडे. एक दिवस मी ड्यूटी करतो. तू गोष्ट ऐक, जरा माणसात ये." मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

खाली जेवणघरात खिडक्या लावून अंधार केला होता. मालकाने दाराला आतून अडसर घातला. गोष्ट संपेपर्यंत दार उघडायचं नाही, ही म्हणे तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मग तो हळूहळू रंगात आला. ती बाई, तो जिना, ते वादळ. आणि एकदम धुराड्यातून तान्ह्या बाळाचं रडणं आलं.

मी ताडकन उठले. खुर्ची मागे पडली. सगळे हसले.

"अगं, टेप आहे ती!" नवरा म्हणाला. "बस खाली. सॉरी हं, आमच्याकडे घरचंच भूत आहे." पुन्हा हशा.

मी बसले. उठले ती नुसती दचकून. ते रडणं माझ्या लेकीचं नव्हतं, हे अंगाला कळलं होतं. छाती कोरडी होती.

गोष्ट पुढे सरकली आणि पुन्हा रडणं आलं. या वेळी बारीक, छतातून, मध्येच अडकणारं. माझा ड्रेस पुढून भिजला. दूध आपलं आपण सुटलं होतं.

"ही आपली आहे," मी म्हटलं.

"मघाशी पण हेच वाटलं होतं ना तुला?"

"अरे, ऐक तरी!"

त्याने माझं मनगट धरलं. हळूच, पण धरलं. "मॉनिटर माझ्या खिशात आहे. रडली असती तर वाजला नसता का? सगळ्यांचा विरस करू नकोस."

"आज बाई जोरात आहेत!" मालक म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांत ते रडणं बुडालं. टाळ्या थांबल्या तेव्हा ते नव्हतं.

मी हात हिसडला. अडसर जड होता, बोटं सोलली. मागून नणंदेचा आवाज, "दादा, जाऊ दे तिला, नाहीतर गोष्ट काही संपायची नाही." केसांची क्लिप कुठेतरी पडली. जिन्याच्या पायथ्याशी नुकतंच आलेलं एक जोडपं बॅगा घेऊन उभं होतं. मी लेकीला हाका मारत त्यांच्या मधून वर गेले. मागे त्या जोडप्यातली बाई किंचाळली.

पलंग रिकामा होता. घोंगडी खाली दबली होती आणि लेक फटीत उलटी अडकली होती, तोंड उशीत. पाय हलत नव्हते. मी ओढून काढली, पाठीवर थापट्या मारल्या. ओठ निळे. मग तिने श्वास घेतला आणि अशी रडली की तसं गोड मी काही ऐकलेलं नाही.

गोष्ट संपल्यावर नवरा वर आला. मी जमिनीवर बसून तिला पाजत होते. काय झालं ते सांगितलं, फट दाखवली. त्याने खिशातून मॉनिटर काढला. बंद होता.

"खरखर करत होता गं. मालक म्हणाला, गोष्टीचा रंग जातो, बंद करा." थोडा वेळ तो बाळाकडे बघत राहिला. "पण आता ठीक आहे ना ती? मग झालं तर."

सकाळी नाश्त्याला ते जोडपं शेजारच्या टेबलावर होतं. त्यातली बाई सगळ्यांना सांगत होती, "शपथ घेऊन सांगते. केस मोकळे, छातीवर ओला डाग, बाळाला हाका मारत आमच्या अंगावरून गेली!" मी केस घट्ट बांधून, लेकीला मांडीवर घेऊन हाताच्या अंतरावर बसले होते. तिने मला ओळखलं नाही. मालकाने तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. आता ओला डागही गोष्टीत जाणार, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

"खरंच? मग? चेहरा दिसला का?" हे विचारणारा माझा नवरा होता. विचारून त्याने माझ्याकडे बघत डोळा मारला.

निघताना त्याने गाडीचं पुढचं दार माझ्यासाठी उघडून धरलं. मी मागे लेकीजवळ जाऊन बसले.

"मजा आली पण, नाही?" त्याने आरशातून विचारलं.

मी मॉनिटरचे दोन्ही तुकडे माझ्या पर्समध्ये टाकले. तेव्हापासून ते माझ्याकडेच असतात, आणि गाडीत मी मागेच बसते.