दारावरचा नंबर

मित्रांनो, दैवशालाबाई गेल्याचं मला एका परक्या माणसामुळे कळलं. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. दुपारी एक शेतकरी मोटरसायकल तशीच चालू ठेवून माझ्या शेडकडे धावत आला. तोंडावर काजळी होती, पायात चप्पल नव्हती.

“फोन का उचलंनात हो तुम्ही? लावून लावून बोट दुखलं माझं. सोयाबीनची सुडी पेटली!”

फायरमन अप्पाराव तिथेच बसले होते. ते खाली बघून म्हणाले, “फोन उचलणाऱ्या बाई परवा वारल्या, दादा. आमच्या डायव्हरची बायको. त्यो गावाकडं राख सावडायला गेलाय.”

दुसरा डायव्हर शोधून मला काढेपर्यंत कापून रचलेल्या त्या सुडीची राख झाली होती. तो शेतकरी कोणावर ओरडला नाही. माझ्या दारावर लिहिलेल्या नंबराकडे बघून एवढंच म्हणाला, “बाई वारल्या तर नंबर पुसायचा ना मंग.”

मी बंब आहे. आग विझवणारी लाल गाडी. जालना जिल्ह्यातल्या एका लहानशा नगरपंचायतीच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली मी उभा असतो. माझी टाकी आणि पंप पुण्याकडच्या कारखान्यात बसवले. मी इथं आलो त्या दिवशी लोकांनी हार घातला, नारळ फोडला, आणि पोरांनी घंटा वाजवून वाजवून तिची दोरी तोडली.

मग पेंटर आला. दारावर कोणता नंबर टाकू, असं त्यानं विचारलं. ऑफिसला तर संध्याकाळी कुलूप लागायचं. आमचे डायव्हर अंगदराव म्हणाले, “माझा नको. मी गाडी चालवू का फोन उचलू? घरचा टाक.”

घरचा म्हणजे दैवशालाबाईंचा. शेडला लागूनच त्यांची खोली होती. त्या बाहेर आल्या तेव्हा पिवळा रंग वाळलाही होता.

“मला इचारायचं तरी!”

“आता लिहिलं ना.”

“लिहिलं तर लिहिलं. आता कुठंबी आग लागली की तुमच्या आधी मलाच उठावं लागणार.”

आणि तसंच झालं. घाबरलेला माणूस फोनवर नुसता ‘या, या’ म्हणतो, मित्रांनो. गाव सांगायचं विसरतो. दैवशालाबाई आधी त्याला दम खायला लावायच्या. “श्वास घे. गाव सांग. कोणाचं वावर? आत माणूस, जनावर न्हाई ना? लाईट बंद केली का? आता एक काम कर, फाट्यावर टॉवेल घेऊन एकजण उभा कर. बंब दिसूस्तोवर हालवायचा म्हणावं.” तोवर अंगदराव मला चालू करायचे. आम्ही निघालो की त्या दुसरा फोन लावायच्या, जवळच्या विहिरीवाल्याला. “मोटर चालू करून ठेवा बापू, बंब येऊन राह्यला.” कारण माझ्या टाकीतलं पाणी बघता बघता संपतं.

वाटूरचा रस्ता असो की मंठ्याचा, फाट्यावर टॉवेल हलताना दिसला की अंगदराव अप्पारावांना म्हणायचे, “बघा, आमची बाई आपल्या आधीच पोचली.”

आग विझली की लोक मला हार घालायचे, अंगदरावांना फेटा बांधायचे. दैवशालाबाई घरीच असायच्या. पुढं पुढं मला मिरवणुकीआधी रस्ते धुवायला, लग्नाच्या मांडवापुढं धूळ बसवायला नेऊ लागले. रिकामी टाकी घेऊन आम्ही परत आलो की त्या दारातच आडव्या यायच्या. “आधी टाकी भरून आणा. चहा मंग.” एकदा अंगदराव हसत म्हणाले, “साहेब तरी परवडला.” पण टाकी भरूनच आणली.

त्या आजारी पडल्या तेव्हाही फोन उशाशीच होता. गावाकडं नेलं तेव्हा तो सोबतच गेला.

तेरावं झाल्यावर अंगदराव कामावर आले. दैवशालाबाईंचा फोन त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. रोज तो चार्ज करायचे. वाजला की नुसते बघायचे. बहुतेक नातेवाइकांचे फोन असायचे.

एकदा ते मला धूत होते आणि फोन वाजला. अनोळखी नंबर होता. त्यांनी बटण दाबलं आणि फोन कानाला लावला.

“ताई, बंब धाडा, लवकर धाडा! गोठा पेटला!” पलीकडून एक बाई रडत होती.

“बोला की, अंगदराव,” अप्पाराव म्हणाले. “तिकडं जळून राह्यलं.”

“ताई न्हाई,” अंगदराव कसेबसे म्हणाले. “मी तिचा माणूस बोलून राह्यलो. आधी श्वास घ्या, बाई. गाव सांगा.” मग पुढचं सगळं दैवशालाबाई विचारायच्या त्याच क्रमानं आलं. वावर, जनावरं, लाईट, टॉवेल.

फाट्यावर एक म्हातारा टॉवेल हलवत उभा होता. अंगदरावांनी त्याला बघून मला आत वळवलं.

जनावरं वाचली. पण आग अर्धीच विझली होती आणि माझं पाणी संपलं. विहिरीवाल्याला फोन करायचा राहून गेला होता. अंगदराव गाडी चालवत होते, आणि कोणत्या विहिरीवाल्याला लावायचा ते अप्पारावांना कुठं ठाऊक? मोटर चालू होईपर्यंत वर्षाचा कडबा गेला. त्या बाईनं तरी सगळ्यांना पाणी दिलं. तांब्या पुढं करत तिनं विचारलं, “फोनवर त्या ताई असायच्या ना?”

“असायची,” अंगदराव म्हणाले, आणि पाणी न पिताच तांब्या धरून उभे राहिले.

परवा पेंटर पुन्हा आला. “जुना पुसतो. आता कोणाचा टाकू?” अंगदराव आणि अप्पाराव तर माझ्याबरोबर आगीवर असतात. ऑफिसात विचारलं तर बघू म्हणाले. पेंटर डबा घेऊन परत गेला.

मित्रांनो, तुमच्या गावच्या बंबावरही एखादा नंबर लिहिलेला असेल. तो फोन कोण उचलतं ते मोठ्यांना विचारा. जमलं तर त्या माणसाला एकदा भेटून या. बंबाला हार घालता तेव्हा त्याचीही आठवण ठेवा.

माझ्या दारावर अजून दैवशालाबाईंचाच नंबर आहे. आम्ही आगीवर गेलो की तो फोन घेऊन घरी थांबायला कोणी नसतं. तेवढी सोय अजून झालेली नाही.