सहाव्या पायरीची जागा

मित्रांनो, ‘मी एक जुनी मांडणी आहे’ अशी सुरुवात करायला मला फार आवडले असते. पण खोटे कशाला बोलू? या घरात येऊन मला अजून वर्षही झालेले नाही. कुंड्या ठेवायची, पायऱ्यापायऱ्यांची, फिक्या लाकडाची मांडणी मी. पण एवढ्याशा आयुष्यात जे घडले ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझ्या खोक्यावर ‘स्कँडिनेव्हियन’ असे मोठ्या अक्षरांत छापले होते. वाचणाऱ्याला वाटावे, मी बर्फावरून घसरत आले. खरे तर मी केरळातले रबराचे झाड. वर्षानुवर्षे चीक दिला, चीक आटल्यावर मला कापले, आणि कारखान्यात रंधून, घासून मला असे रूप दिले की माझी मलाच ओळख पटेना. तिथून मी बेंगळुरूला सर्जापूर रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये आले.

हे घर भव्याचे. ती लोकांची घरे सजवून देते. नुकतीच नोकरी सोडून तिने स्वतःचे काम सुरू केले होते, आणि गिऱ्हाइकांना दाखवायला नमुना म्हणून आधी आपलेच घर सजवायला घेतले होते. पांढऱ्या भिंती, राखी सोफा, भरपूर उजेड आणि मोजक्याच वस्तू. उत्तरेकडच्या थंड देशांत घरे अशीच असतात म्हणे. दसऱ्याच्या सुमारास तिथे फोटो काढायला माणसे येणार होती आणि भव्याची सगळी भिस्त त्या फोटोंवर होती. तिच्या सासूबाई, जमनाबाई, शहराच्या दुसऱ्या टोकाचे, येलहंक्याचे घर सोडून मी आले त्याच महिन्यात इथे राहायला आल्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि विचारले, “सामान अजून यायचंय काय गं?”

मला जोडायचे काम भव्याच्या नवऱ्याने, प्राणेशने, अंगावर घेतले. सोबतचा कागद वाचला तर तो इंजिनिअर कसला! वरच्या पाच पायऱ्या त्याने झकास बसवल्या. सगळ्यात खालच्या, सहाव्या फळीचा स्क्रू मात्र त्याने इतका पिळला की फळी उभी चिरली. माझ्या पायांशी मोठी पोकळी राहिली. भव्याने मला फक्त दोन पावले मागे जाऊन पाहिले, आणि त्या नजरेतच मी काय ते समजले. ही मांडणी बदलून द्या, असे तिने कंपनीला कळवले. टेम्पो घटस्थापनेच्या आदल्या दिवशी यायचा होता.

त्याच दिवशी आणखी एकीची रवानगी ठरली होती, हे फक्त मला ठाऊक होते. जमनाबाई माझ्याशेजारी उभ्या राहून फोनवर येलहंक्याच्या बहिणीशी बोलत. “गोदक्का, रिक्षा करून येतेस काय? बाहुल्यांची ट्रंक तूच घेऊन जा. दसऱ्याला त्या मांडायच्या पायऱ्यांच्या फळ्या तर वाळवीनं खाल्ल्या. आणि पोरीचं नवं काम आहे, तिच्या फोटोत माझी अडगळ नको.” मग पलीकडचे ऐकून म्हणाल्या, “वाईट कसलं वाटायचंय, स्वल्प वाटणारच.”

तो दिवस उजाडला. माझ्यावरच्या कुंड्या उतरवून ठेवल्या होत्या. जमनाबाईंनी एकदा शेवटचे बघावे म्हणून ट्रंक उघडली. नुकतीच पुसलेली जमीन ओली होती. बाहुल्या ठेवायच्या कुठे? त्यांनी राजा-राणीची लाकडी जोडी माझ्या सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवली. लग्नात माहेरून मिळालेली ती जोडी, रंग थोडा उडालेला. मग खाली शेट्टी वाणी आणि त्याची बायको, पुढ्यात डाळ-तांदळाचे इवले दुकान. मग वाजंत्री, हत्ती, मोर. एकेका बाहुलीला पुसत त्या ठेवत गेल्या आणि त्यांचे त्यांनाही कळले नाही, मी भरत गेले. मित्रांनो, तोवर माझ्यावर नुसत्या वस्तू ठेवल्या होत्या. आता माझ्याकडे माणसे राहायला आली होती. मला इतका आनंद झाला की बोलता येत असते तर मी ओरडलेच असते.

भव्या कॉफी घेऊन बाहेर आली आणि जागीच थांबली. “अत्ते, हे काय?”

“काढते गं, काढते. जमीन ओली होती म्हणून ठेवलं. गोदक्का येईल एवढ्यात न्यायला.”

“न्यायला? कायमच्या? तुम्ही दरवर्षी मांडत होता ना?”

“लग्न झाल्यापासून. एक दसरा चुकला नाही.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तू विचारलं नाहीस.”

भव्या सोफ्यावर टेकली. ती राणीच्या हिरव्या लुगड्याकडे पाहत होती. त्या पांढऱ्या खोलीत तेवढाच रंग होता, आणि तो फार सुंदर दिसत होता. ती म्हणाली, “ट्रंक कुठं जायची नाही. आज नवी मांडणी येतेय, चांगली सहा पायऱ्यांची. तिच्यावर मांडू.”

जमनाबाईंनी मान हलवली. “सहा चालत नाहीत. पायऱ्या विषम लागतात. तीन, पाच नाहीतर सात.”

दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिले.

तेवढ्यात बेल वाजली. दारात टेम्पोवाला नवे खोके घेऊन उभा. भव्या म्हणाली, “बेडा अण्णा, हळेदे इरली.” नको, जुनीच राहू दे. मित्रांनो, मला जुनी म्हणणारे ते पहिले माणूस! ‘मी मुद्दामच पाच लावल्या होत्या’ असे प्राणेश अजून सगळ्यांना सांगत असतो.

मग काय थाट झाला म्हणता! रोज संध्याकाळी शेजारची मुले बाहुल्या बघायला येत, हरभऱ्याची उसळ खात आणि शेट्टीच्या दुकानातले तांदूळ पळवत. गोदक्काही आल्या, त्या ट्रंकेसाठी नाही, उसळीसाठी. फोटो काढणारी माणसेही त्यातच आली. “एवढं सगळं जरा हलवता येईल का?” असे त्यांनी विचारले. भव्याने एकही बाहुली हलवू दिली नाही. आता तिची गिऱ्हाइके नेमका तोच फोटो दाखवून विचारतात, अशी मांडणी कुठे मिळते?

विजयादशमीला, उत्सव संपल्याची खूण म्हणून, राजा-राणीला आडवे निजवले. दुसऱ्या दिवशी बाहुल्या जुन्या साड्यांत गुंडाळून ट्रंकेत गेल्या. प्राणेश ट्रंक माळ्यावर चढवायला स्टूल घेऊन आला, तर भव्या म्हणाली, “वर नको.” तिने ट्रंक माझ्या पायांशी सरकवली, चिरलेल्या फळीच्या पोकळीत. ती अगदी नेमकी बसली.

मित्रांनो, आम्हा लाकडांना फार काही लागत नाही. ओल्या कुंडीखाली बशी ठेवा, कोरड्या फडक्याने पुसा, आणि एखादी फळी चिरली म्हणून लगेच टेम्पो बोलावू नका. तुमच्या घरातही कुणाची तरी बंद ट्रंक असेल. तिच्यात काय आहे, ते एकदा विचारा. आमच्या जमनाबाई आता येता-जाता ट्रंकेवर हात ठेवतात, आणि पुढच्या दसऱ्याला राजा-राणीला नवा रंग कोणता द्यायचा यावर भव्याशी आत्तापासूनच भांडतात.