सहा महिन्यांचं मशीन

एक ड्रिल मशीन घ्यायला माणसाला असा किती वेळ लागावा? सखाराम त्या आठवड्यात तिसऱ्यांदा कल्याणला आला होता, आणि तिसऱ्यांदाही धनेशच्या दुकानात दोन मशीनं पुढ्यात घेऊन नुसता उभा होता. एक नावाजलेल्या कंपनीचं, हातात घेतल्यावर वजनावरूनच कळावं असं. दुसरं कुठल्याशा कंपनीचं, रंग भडक, वजन नावाला. पाय दुखत होते, तोंडाला कोरड पडली होती, पण सगळ्यात जास्त त्याला या ठरवण्याचाच कंटाळा आला होता.

"काका, कालच सांगितलं ना," धनेश दुसऱ्या गिऱ्हाइकाचे स्क्रू मोजता मोजता म्हणाला. "हे घ्या, दहा-पंधरा वर्षं बघायला नको. कार्बन, स्विच, सगळं सुटं मिळतं. आणि ते दुसरं, सहा महिने वॉरंटी. पुढे तुमचं नशीब."

"घरच्या घरी वापर असतो तरी किती रे?"

"ते मी कसं सांगू?"

खरं तर सखारामला हे कुणी सांगायची गरजच नव्हती. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत तो आधी फिटर होता आणि मग टूल रूमला, कामगारांना मशीनं-हत्यारं वाटून द्यायला. मशीनच्या आवाजावरून दुखणं ओळखायचा. रिटायर झाल्यावर ठाकुर्लीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराच्या गॅलरीत त्यानं आपलं छोटंसं वर्कशॉप मांडलं होतं. मागच्या आठवड्यात जुन्या ड्रिलचं वायंडिंग जळालं, तेही नेमकं स्वयंपाकघराच्या फळ्या लावताना. रमाबाईला, त्याच्या बायकोला, आता खाली वाकता येत नव्हतं. म्हणून जमिनीलगतचे सगळे डबे वर घ्यायचे होते. अर्ध्या फळ्या लागल्या होत्या, अर्ध्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

अडलं होतं ते त्या पंधरा वर्षांवर. मार्चमध्ये छातीत दुखलं, स्टेंट टाकला. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहात, रोज चाला. पण तेव्हापासून सखारामनं मनातल्या मनात एक हिशोब धरला होता आणि तो कुणाला सांगितला नव्हता. सदुसष्ट अधिक पंधरा? छे! कुणी बघितलंय?

आणि टूल रूमची रीतही तीच होती. नवं मशीन आलं की ते तरुण माणसाच्या नावावर चढायचं. ज्याची दोनेक वर्षं उरली असतील त्याला दुरुस्त केलेलं जुनं. कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सखारामनं आठ वर्षं नेमानं तेच केलं. जगन फिटरला रिटायर व्हायला दीड वर्ष असताना त्यानं नवं ग्राइंडर मागितलं, तेव्हा सखाराम हसत म्हणालेला, "दीड वर्षासाठी नवं कशाला रे? ढकल की!" जगन जुनंच उचलून गेला. आज त्याचं ते उतरलेलं तोंड आठवून सखारामला लाज वाटली. वाटली, पण अंगात मुरलेली रीत अशी सुटते होय?

"हे दे," त्यानं भडक रंगाच्या मशीनवर बोट ठेवलं.

घरी रमाबाईनं खोका उघडला आणि मशीन एका हातात उचलून बघितलं.

"हे कसलं खेळणं आणलंत?"

"चालतं. पुरेल."

"पुरेल म्हणजे किती?"

"मला पुरेल तितकं," सखाराम चपला काढत म्हणाला. तो दमला होता, म्हणूनच तोंडून निघून गेलं.

रमाबाई खुर्चीत बसली.

"अस्सं. म्हणजे तुम्ही ठरवूनच टाकलंय," ती म्हणाली. "मार्चपासून बघतेय. शर्ट नको, चप्पल नको, चष्म्याची काच तडकली तरी नवी नको. मला वाटलं, म्हातारपणी चिक्कूपणा वाढला. मला काय माहीत, दिवस मोजत बसलाय!"

"अगं, व्यवहाराचं बोलतोय मी..."

"चुलीत घाला तुमचा व्यवहार!" तिचा आवाज चढला. "माझे गुडघे बदलताना डॉक्टरनं दोन सांधे पुढ्यात ठेवले होते. एक साधा, एक भारीतला. मी म्हणत होते, साधाच घाला, साठी उलटली, आता असं किती चालायचंय. तेव्हा कोण भांडलं? तुम्हीच ना? वीस वर्षं टिकणाराच घाला म्हणालात, त्या डॉक्टरच्या डोक्यावर बसलात. मग आता सांगा, या वीस वर्षांच्या गुडघ्यांवर मी कुणाबरोबर चालू? एकटीनंच?"

सखाराम भिंतीला टेकवलेल्या फळ्यांशेजारी खालीच बसला.

"भीती वाटते गं रमा," तो शेवटी म्हणाला.

"आणि मला वाटत नाही?" तिनं पदरानं नाक पुसलं. "रात्री तुमचा श्वास चालू आहे ना ते बघते मी. पण म्हणून दुसऱ्या दिवशी एकटीपुरता भात लावते का?"

मग ती उठली. मशीन खोक्यात घातलं, खोका पिशवीत.

"चला. बिल आहे ना?"

"कुठं चला? तीन जिने आहेत, रमा. उद्या मी जातो."

"तुम्ही जाल आणि तसेच परत याल. ओळखून आहे मी."

कठडा धरून, एकेक पायरी करत दोघं उतरली. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबली. पुढे कल्याणच्या वाटेवर पत्रीपुलाच्या गर्दीत रिक्षा अडकून राहिली.

उघडलेला खोका बघून धनेशनं कपाळाला आठ्या घातल्या.

"प्लगसुद्धा लावलेला नाही," रमाबाई म्हणाली. "बघून घे."

त्यानं बघून घेतलं, थोडं कुरकुरला आणि ते मोठं मशीन काउंटरवर ठेवलं. रमाबाईनं ते दोन्ही हातांनी उचललं.

"हे किती वर्षं जातं?"

"नीट वापरलं तर पंधरा धरा, मावशी."

"पंधरा?" तिनं मशीन खाली ठेवलं. "पंधरा नको. वीस जाणारं दाखव."

धनेश हसला. ती हसत नाही म्हटल्यावर त्यानं सखारामकडे बघितलं. सखाराम तोंड फिरवून रस्त्याकडे बघत उभा होता. त्यानं खिशातला रुमाल काढला, डोळे पुसले, पुन्हा खिशात घातला.

"दाखव की रे," तो म्हणाला. "मागतोय ना आम्ही."