ऑक्टोबरच्या उन्हातली कानटोपी

मित्रांनो, भर ऑक्टोबरच्या उन्हात कुणी कानटोपी घालून निघाला तर तुम्ही हसाल. हसा खुशाल. ती जुनी, तपकिरी, एका कानाशी उसवलेली कानटोपी मीच.

लुधियानाच्या यंत्रावर मी विणली गेले आणि नेरच्या बाजारात मथुराबाईंनी मला थंडीसाठी घेतलं. त्यांच्या मुलानं, संघदीपनं, मला थंडी संपली तरी उतरवलं नाही. तो बत्तीस वर्षांचा, गावाच्या लेखी अर्धवट. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तो स्वमग्न आहे. जन्मापासूनच तसा आहे, आजारी नाही. त्याला आवाज टोचतात, अवचित लागलेला हात भाजतो, आणि फार झालं की शब्द तोंडापर्यंत येतच नाहीत. मग तो डोलतो, हात झटकतो. त्यानं त्याला बरं वाटतं. मी त्याचे कान झाकते. एवढंच माझं काम, आणि मला त्याचा गर्व आहे.

त्या वर्षी बोंडअळीनं कपाशी पोखरली होती आणि फवारणीनं माणसं पडत होती. शेजारच्या लखीरामचा चुलतभाऊ फवारून आला, जरा पडतो म्हणाला, तो उठलाच नाही. पुढच्याच आठवड्यात लखीरामनं पेट्रोलवर चालणारा नवा फवारणीपंप आणला आणि संघदीपला फवारणीला बोलावलं. पहिला पंप संघदीप नेहमी साध्या पाण्याचा मारायचा, कुठं गळतं का ते बघायला. गावात असं दुसरं कुणी करत नसे.

इंजिन पाठीवर असं कडाडलं की माझी लोकर काही कामाची राहिली नाही. कसाबसा पंप उतरवून तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसला, घामानं निथळत, डोलत, हात झटकत. लखीरामनं लांबून पाहिलं.

"फवारा लागला याले! धरा रे, पयले कपडे काढा!"

चौघं धावले. मला ओढून काढलं, त्याचा शर्ट फाडला, बादलीभर पाणी ओतलं. तो ओरडला तसं त्यांनी आणखी घट्ट धरलं. मला फार राग आला, पण लखीरामच्या डोळ्यांत पाणी होतं. एका हातात फवारणीच्या औषधाची बाटली आणि एका हातात मला घेऊन तो संघदीपसोबत ऑटोत बसला. दवाखान्यात बाटली दाखवावी लागते, हे त्या वर्षी पोरासोरांनाही ठाऊक झालं होतं.

तिथं एकेका खाटेवर दोघं दोघं होते. "काय फवारलं? कधी?" डॉक्टर विचारत होते.

"बोल ना बापू! काहून बोलत नाई?" लखीराम रडकुंडीला आला.

संघदीपच्या घशातून आवाज निघेना. नर्सनं इंजेक्शन भरलं. विषावरचं ते औषध विषबाधा न झालेल्या माणसाला उलटं बाधू शकतं. मला सगळं ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं.

संघदीपनं हात सोडवला आणि बाटलीवर झडप घातली.

"पिऊन राह्यला तो! धरा!" लखीराम ओरडला.

"सोडा त्याला," डॉक्टर म्हणाले.

संघदीपनं आधी लखीरामच्या हातातून मला घेऊन डोक्यात घातलं. मग बाटली डॉक्टरांपुढे धरून अंगठा झाकणावर ठेवला. सील शाबूत होतं.

इंजेक्शन ट्रेमध्ये परत गेलं. लखीरामनं सीलवर बोट फिरवून पाहिलं. "बाटली पाह्यलीच नाई रे मी. मले वाटलं, तूबी चालला."

चार दिवसांनी ग्रामपंचायतीत फवारणीची सभा झाली. मास्क, हातमोजे सगळं सांगून झाल्यावर संघदीप कागद घेऊन उभा राहिला.

"मी बोलत नाई तवाबी मले समजते," त्यानं वाचलं. "धरू नका. इचारा आन् थांबा."

मागून एकानं विचारलं, "आन् खरंच फवारा लागला असन तर? थांबत बसाव काय?"

कागदावर याचं उत्तर नव्हतं. कुजबुज सुरू झाली, कुणी हसलं. तेवढ्यात लखीराम उठला. "थांबा ना! आताच सांगतलं ना त्यानं!"

संघदीप डोलला, कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"बोटं पाहा," तो म्हणाला. "एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाई. तेवढं मी कवाबी करतो."

मित्रांनो, मी आता विरत चालले. माझ्यासारखी टोपी कुणाच्या डोक्यावर दिसली तर हसा हवं तर, पण ती ओढू नका. त्या माणसाला विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. त्या दिवशी सारी सभा थांबली होती. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.