चांगुणाबाईंचा आग्रह

"मॅडम, पोटं फुगलीत हो लेकरायची! उलटी होऊन तरंगून राह्यलीत."

कुंभार पिंपळगावच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या चांगुणाबाई फोनवर रडकुंडीला आल्या होत्या. लेकरं म्हणजे बेडकाची पिल्लं. विज्ञानाच्या तासासाठी पाळलेली ही तीस पिल्लं महालक्ष्म्यांच्या सुट्टीत दैवशाला मॅडमनी टबासकट चांगुणाबाईंच्या घरी ठेवली होती. त्यातली सात सकाळी मेलेली निघाली.

"मावशी, घातलं काय? मी उकडलेला पालक सांगितला होता. चिमूटभर, दिवसाआड."

"पालक घातलाच की. मंग भात घातला थोडा... अन् काल पुरण."

"पुरण?"

"सणाचा दिस, मॅडम. घरात कोणी उपाशी ऱ्हावं का?"

खरं तर पुरण संपतसाठी शिजवलं होतं. पोरगा पुण्याहून येणार होता, आला नाही. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. वाढायचं कोणाला? शाळेत एखाद्या पोरानं 'बास' म्हटलं की चांगुणाबाईंची पळी आणखी एकदा ताटात पडायचीच. त्या हाताला दोन दिवस काम नव्हतं, आणि टबातली तोंडं सारखी उघडमिट करत होती.

"त्यांची आतडी दोऱ्याएवढी असतात, मावशी. तुंबलीत. पाणी बदला आणि दोन दिवस काहीच घालू नका."

"उपाशी ठेवू?"

"तरच जगतील."

आदल्या दिवशी भरून ठेवलेलं शिळं पाणी घालून चांगुणाबाई टबाशी बसून राहिल्या. बोट काठाला लागलं की पिल्लं वर यायची. बाईंचा जीव तुटत होता. पिल्लं उपाशी असताना त्यांच्याही घशाखाली घास उतरेना. संध्याकाळपर्यंत आणखी चार गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी टबाच्या तळाशी काळ्या दोऱ्यासारखी घाण दिसली. पोटं उतरली होती. एकोणीस पिल्लं सरळ पोहत होती. चांगुणाबाईंनी टबालाच हात जोडले.

तेवढ्यात संपतचा फोन आला. "आई, आता दिवाळीलाच जमन बघ."

एरवी त्यांनी हट्ट धरला असता, चार वेळा शपथ घातली असती. आज फक्त म्हणाल्या, "बरं. जमलं तर ये."

राखून ठेवलेलं पुरण त्यांनी शेजारच्या गाईपुढे ठेवलं. टबात चिमूटभर पालक सोडला, हात मागे घेतला. मग भाकरीचं टोपलं टबाशेजारी ओढून त्या जेवायला बसल्या.