शून्यापासून मोजा

मित्रांनो, शाळेच्या विज्ञानखोलीत छताला तारेने टांगलेला जुना लोखंडी गोळा म्हणजे मी. माझं वजन चार किलो आहे आणि पोटावर एक खरचटलेली रेघ आहे.

माझा जन्म शाळेसमोरच्या वर्कशॉपमध्ये झाला. मी यंत्राच्या एका मोडक्या शाफ्टचा, म्हणजे लोखंडी दांड्याचा, तुकडा होतो. तिथल्या टर्नरने मला लेथवर लावून, फिरवत कापून गोल केलं. त्याची बायको या शाळेत विज्ञान शिकवायची. "फळ्यावर लंबक काढून काढून माझा खडू झिजला, अहो. मुलांना एक खरा करून द्या," असा धोशा तिने लावला होता.

"ही रेघ कसली?" मला बघताच बाईंनी विचारलं.

"मास्तरीणबाईंचा हुकूम घाईचा होता. हत्यार निसटलं."

बाई उत्तर कधीच आधी सांगायच्या नाहीत. "आधी अंदाज, मग माप," म्हणायच्या. प्रत्येकाचा अंदाज फळ्यावर लिहायच्या आणि चुकलेला अंदाज पुसू द्यायच्या नाहीत. एकदा माझ्याशेजारी तेवढ्याच लांबीच्या तारेने लाकडी गोळा टांगला. जड गोळा लवकर परत येईल, असं अख्ख्या वर्गाने सांगितलं. आम्ही दोघे बरोबरच आलो. त्यावर मुलं सुट्टीभर भांडली, डबे तसेच राहिले.

मला टांगलं त्या दिवशी बाईंनी नवऱ्यालाच भिंतीला टेकून उभं केलं होतं. मला त्याच्या नाकाला टेकवलं आणि म्हणाल्या, "नुसता सोडा, ढकलू नका. आणि मागे सरायचं नाही."

"एक," म्हणून त्याने मला सोडलं. मी लांब जाऊन परत येऊ लागलो आणि हा पठ्ठ्या उडी मारून बाजूला! वर्ग खो खो हसला.

"आयुष्य लोखंडात गेलं तुमचं, आणि एवढाही भरवसा नाही?"

"लोखंडावर आहे. तुमच्या विज्ञानावर नाही."

"आणि सोडतानाच एक कुठून आला? अजून झोका तरी झालाय का? सोडताना शून्य म्हणायचं. नाहीतर वीस मोजेपर्यंत एकोणीसच होतात."

"माणूस एकपासूनच मोजतो," तो म्हणाला. त्यानंतर कितीदा तरी सांगून झालं, पण त्याचा एक काही सुटला नाही.

मग एका वर्षी बाई आजारी पडल्या आणि दोन महिन्यांत गेल्या. नवीन शिक्षक आले नाहीत. खोलीला कुलूप लागलं. मुलं दुसऱ्या वर्गात बसून प्रश्नोत्तरं उतरवून घेऊ लागली. माझ्यावर धूळ बसली. फळ्यावर बाईंच्या हाताने लिहिलेले चुकलेले अंदाज तसेच होते, आणि दिवसभर मी त्यांच्यासमोर लटकत होतो.

काही दिवसांनी शाळेत कुजबुज सुरू झाली. मधल्या सुट्टीत बंद खोलीतून आवाज येतो. तार करकरते. कुणीतरी हळू आवाजात मोजतं. "बाई मोजतायत," मुलं म्हणू लागली. लहान मुलं त्या बाजूला फिरकेनात. पालक तक्रार घेऊन आले. शेवटी मोठ्या सरांनी ठरवलं, शनिवारी गोळा उतरवायचा आणि भंगारात द्यायचा.

कोण येतं ते मला ठाऊक होतं. पण मला तोंड कुठे आहे?

वर्गात एक मुलगी होती. सारखे प्रश्न विचारायची, म्हणून सगळे तिला शंका म्हणत. शुक्रवारी ती दाराला कान लावून उभी राहिली. आतलं मोजणं संपेपर्यंत ऐकलं. मग धावत मोठ्या सरांकडे गेली.

"सर, त्या बाई नाहीत."

"कशावरून?"

"आतलं माणूस एकपासून मोजतंय. बाई असत्या तर शून्य म्हणाल्या असत्या."

सरांनी कुलूप उघडलं. मागच्या दाराची बाईंची किल्ली मुठीत धरून टर्नर भिंतीपाशी उभा होता. अंगावर कामाचे तेलकट कपडे. मी त्याच्यासमोर झोके घेत होतो.

"माफ करा, साहेब," तो म्हणाला. "घरात तिचं सगळं जागच्या जागी आहे, पण काही हलत नाही. हा तेवढा हलतो."

सर दारातून बाजूला झाले. दारात मुलं जमली होती. शंका पुढे झाली, तिने मला धरलं आणि त्याच्या नाकाशी आणलं.

"काका, शून्य म्हणा. आणि मागे सरायचं नाही."

त्याने डोळे मिटले. "शून्य," म्हणाला आणि मला सोडलं.

मी पार पलीकडे गेलो आणि परत आलो. तो जागचा हलला नाही. त्याच्या नाकापासून केसभर अंतरावर मी थांबलो आणि मागे वळलो. सोडलं तिथपर्यंत मला कधीच परत पोहोचता येत नाही, मित्रांनो. दर झोक्याला थोडं कमीच. मुलं मोठ्याने मोजत होती आणि या खेपेला वीस बरोबर वीस भरले.

शनिवारी मला कुणी उतरवलं नाही. आता टर्नर दर आठवड्याला पुढच्या दाराने येतो आणि मुलं फळ्यावर नवे अंदाज लिहितात. तुमच्याही शाळेत कुलुपाआड माझ्यासारखं कुणी असेल. त्याला पुसा, हलवा, त्याच्यासमोर चुका. नुसतं जपून ठेवू नका.

आणि एक सांगायचं राहिलं. अजूनही एखाद्या दुपारी खिडक्या बंद असतात, खोलीत कुणी नसतं, टर्नर समोर लेथवर असतो, आणि मी हलू लागतो. मला कोण सोडतं ते दिसत नाही. मोजणं मात्र शून्यापासून सुरू होतं.